आपले मत कसे मोजले जाते? विदर्भातील ग्रामीण मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की पानठेल्यावर आणि बाजार समितीच्या आवारात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "आपल्या एका मतानं काय होते बावा?" आणि दुसरे, "ही पद्धतच बदलली पाहिजे." दोन्ही वाक्ये बोलणाऱ्याला ती वेगवेगळी वाटतात, परंतु त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. मताचे वजन मतदाराच्या बोटात नसून मोजणीच्या नियमात असते, आणि नियम बदलला की तेच मत हलके किंवा जड होते. म्हणून खालील प्रश्नांत शक्य तेथे दिल्लीची उदाहरणे मागे ठेवून गावातील उदाहरणे पुढे घेतली आहेत.

गावातील मतदार प्रत्यक्षात किती पद्धतींनी मतदान करतो?

आपल्याकडे एकच पद्धत आहे असा समज असतो, पण तो खरा नाही. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांसाठी एका जागेला एक मत असते आणि सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो. ग्रामपंचायतीत एका प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडायचे असतात, म्हणून तेथे जागांनुसार एकापेक्षा अधिक मते द्यावी लागतात. शिवाय सरपंचासाठी वेगळे मत असते. (थेट सरपंचाची तरतूद २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली, त्यामुळे या बाबतीत मतदारांचा गोंधळ झाला तर तो त्यांचा दोष नव्हे.) सेवा सहकारी सोसायटीत सभासद एकाच मतपत्रिकेवर आठ-आठ शिक्के मारतो. पुढे त्या सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य बाजार समितीसाठी मतदान करतात, म्हणजे तेथे आपले मत दोन पायऱ्या चढून पोहोचते. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात शिक्का नसतो, पसंतीचे आकडे लिहायचे असतात. दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावातील महिला जे मतदान करतात, त्याचा नियम या सर्वांहून निराळा आहे. पर्यायी मतदानपद्धती परदेशातून आणायची गरज नाही; बऱ्याचशा पद्धती तालुक्याच्या ठिकाणी आधीच चालू आहेत.

"सर्वाधिक मते तो विजयी" या पद्धतीत नेमके काय खटकते?

विजयी होण्यासाठी निम्म्याहून अधिक मते लागत नाहीत, केवळ दुसऱ्यापेक्षा एक अधिक लागते. चार उमेदवार तुल्यबळ असतील तर तीस टक्के मतांवरही जागा मिळते आणि उरलेल्या सत्तर टक्क्यांना सभागृहात आवाज राहत नाही. २०१४ च्या लोकसभेत बहुजन समाज पक्षाला देशभरात सुमारे ४ टक्के मते मिळाली, मतांच्या क्रमवारीत तो तिसरा होता आणि त्याच्या जागा शून्य होत्या. त्याच निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला ३१ टक्के मतांवर २८२ जागा, म्हणजे सभागृहाचा निम्म्याहून अधिक भाग मिळाला. यात कोणी लबाडी केली नाही. मते एका ठिकाणी एकवटलेली आहेत की सर्वत्र पसरलेली आहेत, यावर ही पद्धत फळ देते.

या पद्धतीतूनच "मते खाणारा उमेदवार" हा शब्दप्रयोग जन्मला आहे. आवडता उमेदवार एक असतो आणि "पडणार नाही असा" दुसरा असतो, आणि मतदार या दोघांच्या मध्ये अडकतो. पद्धतीच्या बाजूने एवढे मात्र मान्य करावे लागेल की ती समजायला आणि मोजायला सोपी आहे, आणि आपला आमदार कोण हे त्यात स्पष्ट असते.

सोसायटीच्या निवडणुकीत एकाच पॅनलचे सगळे उमेदवार एकदम कसे निवडून येतात?

या प्रश्नावर थोडे थांबले पाहिजे, कारण येथे पद्धतीचा परिणाम उघड्या डोळ्यांनी दिसतो. विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेत साधारणपणे १३ संचालक असतात: सर्वसाधारण कर्जदार गटातून ८, महिला २, आणि इतर मागास प्रवर्ग, अनुसूचित जाती-जमाती व विमुक्त-भटक्या जमाती यांचा प्रत्येकी १. सर्वसाधारण गटात प्रत्येक सभासदाला आठ मते असतात, मात्र एका उमेदवाराला एकच देता येते.

समजा ७०० सभासदांनी मतदान केले, त्यांपैकी ३६० एका पॅनलचे आणि ३४० दुसऱ्याचे. पहिल्या पॅनलच्या आठही उमेदवारांना प्रत्येकी ३६० मते पडतात, दुसऱ्याच्या आठही जणांना प्रत्येकी ३४०. निकाल आठ विरुद्ध शून्य. वीस मतांच्या फरकाने निम्मे गाव संचालक मंडळाबाहेर राहते आणि मग पाच वर्षे पीक कर्जाच्या यादीवरून कुरबुरी चालतात. प्रत्येक सभासदाला आठऐवजी पाचच मते दिली असती, तर पहिल्या पॅनलचे पाच आणि दुसऱ्याचे तीन निवडून आले असते. सभासद तेच, त्यांचा कलही तोच. बदलला असता तो मतपत्रिकेवरील "आठ" हा एक आकडा.

मी अशा एका मोजणीला गोदामात बसलो होतो. खाली ताडपत्री, बाजूला खताच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी, आणि समोर घडी उलगडून सरळ केलेल्या मतपत्रिकांचे गठ्ठे. एका मतपत्रिकेवर नऊ फुल्या निघाल्या. मतदाराने एका पॅनलचे आठही उमेदवार घेतले होते आणि नववी फुली दुसऱ्या पॅनलमधील एका नावावर होती, बहुधा शेजाऱ्याच्या किंवा साडभावाच्या. नात्याची लाज राखायला मारलेल्या त्या एका शिक्क्याने त्या गटातील आठही मते बाद झाली. त्या दिवशी अशा तीन मतपत्रिका निघाल्या आणि शेवटची जागा दोन मतांनी गेली.

दोन मते असताना एकच दिले तर चालते का?

कायद्याने चालते, आणि ते कधीकधी जाणूनबुजून केले जाते. जेथे अनेक उमेदवार एकाच यादीत एकमेकांशी स्पर्धा करतात, तेथे आपले दुसरे मत आपल्याच माणसाच्या प्रतिस्पर्ध्याला बळ देऊ शकते. म्हणून एक मत द्यायचे आणि उरलेले वापरायचेच नाही. जुन्या मराठी राजकारणात याला "मत कुजवणे" असा नेमका शब्द आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या काळात काही मतदारसंघ दोन जागांचे होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते असत. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव झाला तेव्हा कुजवलेल्या मतांची चर्चा फार झाली होती आणि प्रकरण निवडणूक याचिकेपर्यंत गेले. १९५४ मध्ये ते आपल्या भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले. तो मतदारसंघही दोन जागांचा होता. सर्वसाधारण जागेवर त्यांचे सहकारी उमेदवार अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर डॉ. आंबेडकर पराभूत झाले. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले.

याहून जुनी एक रीत अशी होती की हातातली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. मुंबई प्रांतात १९३७ ची निवडणूक बहुसदस्य मतदारसंघांत या एकत्रित मतदानाने झाली. संख्येने लहान असलेल्या समाजाला त्यामुळे मत कुजवावे लागत नसे. ते साठवून एका ठिकाणी वापरता येत असे. सोसायटीला हीच सवलत दिली तर वरच्या उदाहरणातील ३४० सभासदांना तीन-चार संचालक सहज निवडून आणता येतील.

पदवीधर मतदारसंघात आकडे का लिहावे लागतात?

कारण ती पसंतीक्रमाची निवडणूक आहे. विदर्भात नागपूर आणि अमरावती हे दोन पदवीधर मतदारसंघ आहेत आणि याच दोन नावांचे शिक्षक मतदारसंघही आहेत. निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने आवडत्या उमेदवारापुढे १ हा आकडा लिहायचा. हा आकडा अनिवार्य आहे. त्यापुढील २, ३, ४ ऐच्छिक आहेत. "एक" असे अक्षरांत लिहिले, बरोबरची खूण केली, सही केली किंवा दोघांपुढे १ लिहिला तर मत बाद होते. पदवीधरांच्या निवडणुकीत बाद मतांची संख्या हजारांत जाते, यावर गावातील अंगठेबहाद्दर म्हातारे मनसोक्त हसतात, आणि त्यांना तो हक्क आहे.

मोजणी अशी होते. वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक एवढा कोटा ठरतो. पहिल्या पसंतीत कोणी तो गाठला नाही तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवर ज्याच्यापुढे २ लिहिले असेल त्याच्याकडे त्या जातात. मग पुढचा बाद होतो. उमेदवार वीस-पंचवीस असले की मोजणी रात्र उलटून दुसऱ्या दिवसावर जाते. २०२३ मध्ये अमरावतीत तसेच झाले.

ज्याने फक्त १ लिहून पेन ठेवला, त्याचा उमेदवार बाद होताच त्याची मतपत्रिका बाजूला पडते. तिचा पुढे काहीही उपयोग होत नाही. म्हणूनच कधीकधी कोटा कोणीच गाठत नाही आणि शेवटी उरलेला उमेदवार विजयी घोषित होतो. प्रचारक "फक्त एकच नंबर द्या, दुसरा देऊ नका" असे सांगतात तेव्हा ते मतदाराच्या नव्हे, उमेदवाराच्या सोयीचे सांगत असतात. पुढची पसंती लिहिल्याने पहिल्या पसंतीच्या उमेदवाराचे काहीही बिघडत नाही, कारण तो बाद झाल्याशिवाय किंवा निवडून आल्याशिवाय ती कोणी पाहतही नाही.

या मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीसाठी नव्याने तयार होते, त्यामुळे मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेलच असे नाही. पदवीधरांनी नमुना १८ आणि शिक्षकांनी नमुना १९ पुन्हा भरावा लागतो.

दुसऱ्या पसंतीने निकाल खरोखर ठरतो का?

१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत तो ठरला. व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि आपले चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ इतक्या मूल्याची मते मिळाली. कोटा ४,१८,१६९ होता आणि तो कोणीही गाठला नव्हता. खालचे उमेदवार बाद होत गेले, देशमुखांच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती मोजली गेली, आणि शेवटी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले तर रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. देशमुखांना मत देणाऱ्यांचे मत "वाया गेले" असे म्हणता येणार नाही. राष्ट्रपती कोण होणार हे त्यांच्याच मतपत्रिकांवर अवलंबून होते. पुढे श्रीलंकेतही २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्यांदाच दुसऱ्या पसंतीची मोजणी करावी लागली.

पद्धत बदलली तर त्याच मतांतून वेगळा विजेता निघू शकतो, हे एका उदाहरणाने समजावता येईल का?

येईल. गावाला निधी आला आहे आणि कामे तीन सुचली आहेत: पांदण रस्ता, पाण्याची टाकी आणि सभामंडप. शंभर मतदार आहेत. ४० जणांची शेते पांदणीपलीकडे आहेत. त्यांना पांदण हवी, ती नाही तर टाकी, आणि सभामंडप सर्वांत शेवटी. ३५ जणांना सभामंडप हवा, तो नाही तर टाकी, आणि पांदण शेवटी. २५ जणांना प्रथम टाकी हवी. त्यांतील २० जणांची दुसरी पसंती सभामंडपाला आणि ५ जणांची पांदणीला आहे.

सर्वाधिक मतांच्या पद्धतीने पांदण जिंकते: ४०, ३५, २५. निकाल लागला, तरी साठ लोक नाराज.

पसंतीक्रमाच्या पद्धतीने सर्वांत कमी मतांची टाकी प्रथम बाद होते. तिची २० मते सभामंडपाकडे आणि ५ पांदणीकडे जातात. सभामंडप ५५, पांदण ४५. सभामंडप जिंकतो.

आता जोडीजोडीने विचारू. टाकी की पांदण? साठ जण टाकी म्हणतात. टाकी की सभामंडप? पासष्ट जण टाकी म्हणतात. म्हणजे समोरासमोरच्या प्रत्येक कुस्तीत टाकी जिंकते, आणि तीच टाकी वरच्या दोन्ही पद्धतींत सर्वांत आधी बाहेर पडली होती. पहिल्या पसंतीला २ गुण आणि दुसरीला १ गुण दिला तरी टाकी १२५, सभामंडप ९० आणि पांदण ८५ असा क्रम लागतो.

मतदार तेच, त्यांची मतेही तीच, आणि विजेते तीन. यातील कोणता निकाल "जनतेचा कौल" समजायचा, हे मतपेटी सांगत नाही. जोडीजोडीने तुलना करण्याची ही कल्पना फ्रान्सच्या काँदोर्से यांनी १७८५ मध्ये मांडली आणि गुण देण्याची कल्पना त्यांचे समकालीन बोर्दा यांची. त्या दोघांच्या वेळी सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

मग सर्वांत चांगली पद्धत कोणती?

तशी एकही नाही, आणि हे केवळ मत नसून गणिताने सिद्ध झालेले आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले की पर्याय तीन किंवा अधिक असतील तर पसंतीक्रमावर आधारलेली कोणतीही पद्धत न्यायाच्या सर्व साध्या अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करू शकत नाही. पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. याचा अर्थ सर्व पद्धती सारख्याच वाईट आहेत असा घेऊ नये. बैलबंडी आणि ट्रॅक्टर दोन्हींत दोष आहेत, तरी चिखलात काय न्यायचे आणि डांबरावर काय, हे आपण ठरवतोच. जेथे अनेक जागा भरायच्या आहेत तेथे अल्पमताला वाटा देणारी पद्धत हवी. जेथे एकच जागा किंवा एकच काम निवडायचे आहे तेथे बहुतेकांना चालेल असा पर्याय शोधणारी हवी, असे माझे मत आहे.

माझ्या एका मताने निकाल बदलण्याची शक्यता किती असते?

ती दोन गोष्टींवर अवलंबून असते: मतदार किती आहेत आणि लढत किती चुरशीची आहे. आदर्श गणित करायचे तर असे समजू की प्रत्येक मतदार स्वतंत्रपणे, नाणे उडवल्यासारखा, दोघांपैकी एकाकडे जातो. चारशे मतदारांच्या प्रभागात बाकी सर्वांची मते बरोबर समसमान पडण्याची शक्यता सुमारे २५ मध्ये १ इतकी निघते, आणि तेव्हा आपले मत निर्णायक ठरते. दोन लाख मतदान झालेल्या विधानसभेत हीच शक्यता सुमारे ५६० मध्ये १ होते. कल थोडासा जरी झुकला, म्हणजे प्रत्येक मतदार शंभरात बावन्न वेळा एकाच बाजूला जाणारा असला, तर प्रभागातील शक्यता ३५ मध्ये १ च्या आसपास टिकते, पण विधानसभेतील शक्यता जवळजवळ शून्यावर येते. खरी माणसे नाण्यासारखी वागत नाहीत, भावकी आणि पॅनल यांनी बांधलेली असतात, म्हणून हे आकडे दिशादर्शक समजावेत. दिशा मात्र स्पष्ट आहे: ज्या निवडणुकीची आपण सर्वांत कमी चर्चा करतो, त्या प्रभागाच्या आणि सोसायटीच्या निवडणुकीत आपल्या मताचे वजन सर्वांत अधिक असते.

मोठ्या निवडणुकीतही चमत्कार घडतात. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत भंडारा जिल्ह्यातील साकोलीत दोन लाखांहून अधिक मतदान होऊन नाना पटोले २०८ मतांनी विजयी झाले. म्हणजे १०५ जणांनी बाजू बदलली असती तर निकाल फिरला असता. एवढी माणसे एसटीच्या दोन गाड्यांत उभी-बसून मावतात. त्याच वेळी बुलढाण्यात फरक ८४१ होता. राजस्थानात नाथद्वारा येथे २००८ मध्ये सी. पी. जोशी यांचा पराभव अवघ्या एका मताने झाला.

आणि मते अगदी समसमान पडली तर?

ईश्वरचिठ्ठी. दोन चिठ्ठ्या सारख्या घडीच्या करून गडव्यात टाकतात आणि बहुधा एखाद्या लहान मुलाला काढायला सांगतात. ग्रामपंचायतीत हे प्रत्येक हंगामात कोठे ना कोठे घडते. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या एका प्रभागातही घडले. मतदानाच्या दिवशी "कापूस वेचायचा आहे, चार वाजता जातो" म्हणून राहिलेला माणूस त्या वेळी गर्दीत मागे उभा असतो.

माझा उमेदवार पडणारच असेल तर मत देऊन काय उपयोग?

निकालाखेरीज मताला आणखी कामे असतात. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा अधिक मते मिळाली तर पराभूत उमेदवाराची अनामत वाचते. विधानसभा-लोकसभेचे आकडे मतदान केंद्रनिहाय प्रसिद्ध होतात, त्यामुळे आपल्या गावाने कोणाला किती मते दिली हे दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांच्या वहीत लिहिलेले असते. ज्या केंद्रावर मतदानच तीस टक्के होते, त्या गावाच्या पुलाची फाइल कोणी उघडावी याची कोणालाच घाई नसते. (केंद्रनिहाय आकड्यांनी लहान गावांवर दबावही येतो, ही त्याची दुसरी बाजू आहे, आणि ती गंभीर आहे.)

मतदानाला न जाणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे का?

हेही नियमावर अवलंबून आहे, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण आडव्या बाटलीचे आहे. गावातील दारूचे परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी पंचवीस टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे दुकान चालू. दुकान बंद होण्यासाठी आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते मिळावी लागतात.

यादीत ६०० महिला आहेत असे धरा. ३३० जणी आल्या. २९० जणींनी आडवी बाटली निवडली आणि ४० जणींनी उभी. इतर कोणत्याही निवडणुकीत हा दणदणीत विजय ठरला असता. येथे मात्र दुकान चालूच राहते, कारण ३०१ हव्या होत्या. ज्या २७० जणी आल्या नाहीत, त्या निंदायला गेल्या असोत, माहेरी असोत किंवा मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या असोत, त्यांचे न दिलेले मत उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्यासारखेच झाले. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी असल्यामुळे तेथे हा प्रश्न येत नाही. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. इतर जिल्ह्यांतील बचत गटांनी मतदानाची तारीख ठरवताना हंगामाचा विचार आधी करावा.

"नोटा" म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण दाबल्याने काही होते का?

सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हे बटण आले. लोकसभा-विधानसभेत त्याचा निकालावर परिणाम होत नाही; नोटाला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांमधील पहिला विजयी होतो. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये नियम बदलला. तेथे नोटा पहिला आला तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घेतली जाते. दुसऱ्या वेळीही तसेच झाले तर उमेदवारांतील सर्वाधिक मतांचा विजयी ठरतो. म्हणजे ग्रामपंचायतीत नोटाला एकदाच दात असतात.

निवडणूक बिनविरोध करणे अधिक चांगले नाही का?

बिनविरोध या शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एक, चार वजनदार माणसांनी रात्री बसून नावे ठरवायची आणि बाकीच्यांचे अर्ज मागे घ्यायला लावायचे. काही ठिकाणी तर पदाचा लिलावच होतो. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका आयोगाने याच कारणाने रद्द केल्या. येथे मताचे वजन शून्य होते.

दुसरी गोष्ट गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखाची. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा या गावाची. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सर्वसहमती होईपर्यंत विषय पुढे चालू राहतो. पद्धतींच्या भाषेत सांगायचे तर तेथे प्रत्येक माणसाचे मत निर्णायक आहे, कारण एकाचा नकारही निर्णय थांबवतो. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा-लेखाचे नाव आहे. ही पद्धत वेळखाऊ आहे आणि सर्वत्र चालेल असे मला वाटत नाही. पाच हजार वस्तीच्या बाजारगावात ती पहिल्याच बैठकीत मोडेल. परंतु लहान पाड्यावर, जेथे निर्णय मोडून निघून जाण्याची सोय कोणालाच नसते, तेथे ती बहुमतापेक्षा टिकाऊ ठरते.

संविधान तयार करताना दुसऱ्या पद्धतींचा विचार झाला नव्हता का?

झाला होता, आणि तो आग्रह आपल्या भागातूनही आला होता. मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत दुरुस्ती मांडली की लोकसभेची निवडणूक बहुसदस्य मतदारसंघांतून, एकत्रित मतदानाने, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या (म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा) तत्त्वावर व्हावी. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचा एक मुद्दा असा होता की या पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते, मतदाराला निदान आकडे ओळखून मतपत्रिकेवर लिहिता आले पाहिजेत. दुसरा मुद्दा सरकारच्या स्थैर्याचा होता. दुरुस्ती फेटाळली गेली. साक्षरतेचा मुद्दा आज तितका बळकट राहिलेला नाही, स्थैर्याचा मात्र अजूनही विचारात घ्यावा लागतो.

त्यानंतर विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या आणि २०१५ च्या २५५ व्या अहवालात मिश्र पद्धतीचा पुरस्कार केला, म्हणजे काही जागा आजच्यासारख्या आणि काही पक्षांच्या मतांच्या प्रमाणात. जर्मनीत अशी पद्धत आहे, न्यूझीलंडने ती १९९६ पासून स्वीकारली, आणि शेजारच्या नेपाळात २७५ पैकी १६५ जागा थेट व ११० प्रमाणानुसार भरतात. आपल्याकडे ज्या सभागृहाने हा बदल करायचा ते जुन्या पद्धतीने निवडून आलेले असते, हे लक्षात घेता घाई कोणाला असेल?

सक्तीचे मतदान आले तर?

ऑस्ट्रेलियात १९२४ पासून आहे. आपल्याकडे स्थलांतरित मजुराने मतदानाच्या दिवशी स्वतःच्या खर्चाने गावी परतावे आणि न आल्यास दंडही भरावा, हे मला अन्यायाचे वाटते. आधी त्याला कामाच्या ठिकाणी मत देण्याची सोय व्हावी.

कायदा बदलेपर्यंत गावात काही करून पाहता येईल का?

विधानसभेची पद्धत गावाला बदलता येत नाही, पण बचत गटाची अध्यक्ष, पाणी समितीचे प्राधान्य किंवा गणेशोत्सवाचा खर्च हे ज्याच्या त्याच्या गटाने ठरवायचे असते. तेथे मान्यतेचे मतदान करून पाहावे. यात क्रम लावायचा नसतो. जे पर्याय चालतील त्या सर्वांना मत द्यायचे असते. आमच्या येथील एका गटात अशी निवड झाली. चार डबे ठेवले होते आणि प्रत्येकावर कामाचे चित्र चिकटवले होते, कारण दोघी-तिघींना वाचता येत नव्हते. प्रत्येकीला तुरीचे चार दाणे दिले आणि जे काम चालेल त्याच्या डब्यात एक-एक दाणा टाकायला सांगितले. उरलेले दाणे पडद्यामागच्या पोत्यात, म्हणजे कोणी किती टाकले ते कळू नये. सोळा जणींत सर्वांत अधिक, तेरा दाणे, पिठाच्या गिरणीच्या डब्यात निघाले. त्याआधी हात वर करून विचारले होते तेव्हा गिरणीला तीनच हात होते. मोजून झाल्यावर एकीने विचारले की दाणे परत न्यायचे की डाळीत टाकायचे, आणि त्यावर मात्र मतदान घ्यावे लागले नाही.